चौथ्या ओळीला सुई अडते: दोष हाताचा की सुईचा?

श्रावणात खालच्या मजल्यावरची एक मुलगी पिशवीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली. "काकू, माझे हातच जड आहेत. मला नाही जमायचं क्रोशे." पिशवीतून निघाला चार बोटं रुंदीचा काळा पट्टा. मफलर करायला घेतला होता म्हणे. टेबलावर उभा ठेवला तर पुठ्ठ्यासारखा उभाच राहिला. खालची बाजू रुंद, वरची निमुळती, आणि शेवटच्या ओळीत सुई अशी रुतलेली की काढताना लोकरीचे दोन पदर तुटले. सुई उजेडात धरून बघितली. अंगठा टेकवायच्या चपट्या जागेवर छापलेलं होतं २.५. लोकर होती जाडजूड, पाचाच्या सुईला शोभणारी.

शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीत सात-आठ जणी क्रोशे शिकायला बसतात. त्यामुळे ही तक्रार मला पाठ आहे. पहिल्या दोन ओळी बऱ्या जातात, तिसरीला जोर लावावा लागतो, चौथीला सुई टाक्यात शिरतच नाही. मग मनगट दुखतं, वीण वाकडी होते आणि सगळं सामान कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातं. जाताना प्रत्येकीने दोष दिलेला असतो तो स्वतःच्या हाताला. हाताचा दोष कधीकधी असतोही. पण सुई आणि लोकर पाच मिनिटांत तपासून होतात, हात वळायला महिना जातो. म्हणून तपासणी सुईपासून सुरू करावी.

त्याआधी फक्त एकदा टाके मोजा

वीण आक्रसते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी कळायला हवं. १३ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घाला आणि शेवटपर्यंत जा. १२ टाके होतील. (व्हिडिओत ज्याला अमेरिकन बायका सिंगल क्रोशे म्हणतात, तोच आपला मुका खांब.) एक साखळी घालून वळा, पुन्हा १२. अशा सहा ओळी विणा आणि प्रत्येक ओळ संपली की बोट ठेवून मोजा.

आता दोन शक्यता. टाके १२ चे ११, मग १० झाले असतील तर तुम्ही कडेचा टाका गाळताय. सुई बदलून काही होणार नाही. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा किंवा छोटी सेफ्टी पिन अडकवा, वळताना तिथेच सुई घाला, दोन दिवसांत सवय लागते. मुका खांब असेल तर वळताना एक साखळी, पूर्ण खांब (अमेरिकन डबल क्रोशे) असेल तर तीन. त्या तीन साखळ्या एक खांब म्हणून धरायच्या असतात. म्हणजे पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर एक खांब घालायचा. हा माथ्यावरचा खांब नव्या मुलींकडून हमखास राहतो.

टाके १२ च्या १२ आहेत आणि तरीही पट्टा वर निमुळता होतोय? मग वीण घट्ट होत चालली आहे. यापुढचं सगळं त्याबद्दल आहे.

सुईवरचा आकडा कुठला?

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त उत्साह इथेच वाया जातो.

क्रोशाच्या सुईचं एकच माप विश्वासाचं, ते म्हणजे मिलिमीटर. तेही दांड्याचं. टोकाशी दोरा ओढून घ्यायचा आकडा (म्हणजे हूक), त्याखाली निमुळता गळा, मग सरळ दांडा, मग अंगठ्याची चपटी जागा आणि मग मूठ, अशी सुईची रचना असते. टाक्याचा आकार दांडा ठरवतो, म्हणून माप दांड्याचं घेतात.

पण दुकानात तुम्हाला मिलिमीटर कोणी सांगत नाही. "आठ नंबर द्या" असं म्हटलं की काउंटरवरचे दादा हाताला लागेल ती सुई देतात आणि त्यांचीही चूक नसते. कारण जुन्या इंग्लिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत ८ म्हणजे ५ मिलिमीटर, तिकडे तिला एच असंही म्हणतात. आणि बारीक दोऱ्यासाठीच्या पोलादी सुयांत ८ नंबर म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. एकच आकडा आणि तीन सुया, त्यातली एक तर दुसरीच्या तिप्पट जाड! शिवाय इंग्लिश नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते (१४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर), तर अमेरिकन लोकरीच्या सुयांत आकडा वाढला की जाड होते. आपल्याकडे स्वेटरच्या सुया अजून इंग्लिश नंबरानेच मागतात. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, हे आईच्या पिढीतल्या बायकांना तोंडपाठ. त्यामुळे घरातली मोठी माणसं सांगतात तो नंबर आणि व्हिडिओतली बाई सांगते तो नंबर यांचा मेळ बसत नाही. व्हिडिओत अक्षर सांगितलं तर हे लक्षात असू द्या: ई साडेतीन, जी चार, एच पाच, आय साडेपाच, जे सहा मिलिमीटर.

तुमच्या सुईवर काहीच छापलेलं नसेल, किंवा आजीच्या डब्यातून आलेली सुई असेल, तर माप घरी काढता येतं. शिवणाचा साधा दोरा दांड्यावर दहा वेढे गुंडाळा, वेढे एकमेकांना खेटून, पण एकावर एक चढू न देता. जिथे सुरू केलं आणि जिथे संपलं तिथे पेनाने खूण करा, दोरा सोडून पट्टीवर मोजा. साडेनऊ सेंटिमीटर आलं तर सुई ३ ची, साडेबारा आलं तर ४ ची, पावणेसोळा आलं तर ५ ची. दोऱ्याच्या स्वतःच्या जाडीमुळे चार-पाच मिलिमीटर जास्त येईल, त्याची काळजी नको. शाळेतला परीघ असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

चार प्लाय, चार नंबर, चार मिलिमीटर

दुसरी गल्लत लोकरीच्या बाजूची.

परदेशातल्या व्हिडिओत म्हणतात, "नंबर ४ यार्न आणि साडेपाचची सुई घ्या." आपण दुकानात जाऊन "४ प्लाय" मागतो. हे दोन चार वेगळे आहेत. त्यांचा नंबर ४ हा जाडीचा दर्जा आहे. अमेरिकेत लोकरीच्या जाडीचे ० ते ७ असे दर्जे ठरवलेले आहेत. ० म्हणजे जाळीदार कामाचा बारीक दोरा, ७ म्हणजे सगळ्यात जाड, फुगीर लोकर. त्यात ४ मध्यम आणि तिला साडेपाच ते साडेसहाची सुई सांगतात. ३ ला साडेचार ते साडेपाच, २ ला साडेतीन ते साडेचार, १ ला सव्वादोन ते साडेतीन.

प्लाय म्हणजे पदर. चार बारीक पदर एकत्र पिळले की झाली चार प्लाय लोकर. ते पदर केसासारखे असतील तर लोकर बारीक होईल, सुतळीसारखे असतील तर जाड. पदरांच्या संख्येवरून जाडी कळतेच असं नाही. इंग्लंडमध्ये ४ प्लाय म्हणून जी लोकर विकतात ती तर बारीकच असते, अमेरिकन दर्ज्यातल्या १ च्या आसपासची. त्यामुळे आपल्याकडे गडबड दोन्ही बाजूंनी होते. कोणी बारीक ४ प्लाय लोकर साडेपाचच्या सुईने विणते आणि मासे पकडायचं जाळं तयार होतं. कोणी सुई घेते चारची आणि लोकर आणते फुगीर, आणि चौथ्या ओळीला अडते.

मग जोडी जुळवायची कशी? मी एक ढोबळ हिशेब वापरते. लाकडी फूटपट्टीवर किंवा पेन्सिलीवर लोकर न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. ५० ला त्या संख्येने भागा. जे येईल तेवढ्या मिलिमीटरच्या सुईने सुरुवात करा. १० वेढे बसले तर ५ ची सुई, १२ बसले तर ४ ची, १६ बसले तर ३ ची. यामागे काही जादू नाही. लोकर दुपदरी धरली तर जेवढी जाड दिसेल, साधारण तेवढीच सुई हवी. घाईत असाल तर लोकर नुसती सुईच्या आकड्याच्या खाचेत ठेवून बघा. खाचेबाहेर फुगून येत असेल तर सुई बारीक आहे. खाचेत लोकर हरवून जात असेल तर सुई जाड आहे. मखमली, केसाळ लोकरीला मात्र हे दोन्ही उपाय चालत नाहीत.

लोकर बारीक आणि सुई जाड असं सामान आधीच घरात येऊन पडलं असेल तर टाकू नका. दोन गुंड्यांचे दोरे एकत्र धरून विणा. दोन रंग घेतलेत तर ठिपक्याठिपक्यांची छान वीण येते.

तीन तुकड्यांची परीक्षा

अजूनही खात्री होत नसेल तर हा शेवटचा निवाडा. एकच लोकर, तीन सुया. हिशेबाने आलेली एक, त्यापेक्षा अर्ध्या-एक मिलिमीटरने बारीक एक, आणि तेवढ्यानेच जाड एक. तिन्हीने १२ टाके, सहा ओळी. तीन तुकडे ओळीने मांडा आणि मुठीत घेऊन दाबून बघा.

जाड सुईचा तुकडा मऊ पडला, सुई सुखाने आत गेली, तर दोष जोडीचा होता. काम संपलं, त्या सुईने विणा. तिन्ही तुकडे सारखेच कडक झाले, तर हात घट्ट आहे. खात्रीसाठी तीच सुई-लोकर एखाद्या विणणाऱ्या मावशीच्या हातात द्या. तिचा तुकडा मऊ आला तर मग हाताचं प्रकरण वाचा, पुढे आहे. आणि तिची सुईसुद्धा अडली, तर सुईचा आकडाच वाईट आहे.

एक अपवाद. हल्ली मुलींना जपानी पद्धतीची क्रोशाची खेळणी, अमिगुरुमी, करायची असतात. तिथे घट्ट वीणच हवी, नाहीतर आतला कापूस डोकावतो. त्यासाठी मुद्दाम एक-दीड मिलिमीटरने बारीक सुई घेतात. पण शिकण्याची सुरुवात सशापासून करू नका. आधी मऊ तुकडा जमू द्या.

सुईचं माप बरोबर, तरी अडते

कापसाचा बोळा घ्या आणि सुईचं टोक त्यावरून सगळ्या बाजूंनी फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर आकड्याला बारीक कंगोरा राहिला आहे. स्वस्त ॲल्युमिनियमच्या सुयांत साच्याची रेघ राहते. मी शिकत असताना घेतलेल्या पहिल्या सुईला अशी रेघ होती आणि दोन महिने मी लोकरीला शिव्या देत होते. अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, मऊ कपड्याने पुसा. लाकडी किंवा बांबूची सुई असेल तर तीही अशीच गुळगुळीत करता येते. माझी आजी विणताना मधूनच सुई केसांतून फिरवायची. केसांच्या तेलाचा हात लागला की सुई सरकते. पांढऱ्या दोऱ्याला मात्र तेलाचे डाग पडतात, हे तिने मला डाग पडल्यावर सांगितलं.

आकड्याचे आकारही दोन प्रकारचे असतात. एकात आकडा दांड्याच्या रेषेतच कोरलेला असतो, खाच खोल असते, त्याला इनलाइन म्हणतात. दुसऱ्यात टोक जरा गोलसर आणि गळा निमुळता, तो टेपर्ड. नव्या हाताला इनलाइनमधून लोकर कमी निसटते आणि टाके सारखे येतात. टेपर्ड सुई घट्ट टाक्यात सहज शिरते. कुठली चांगली यावर बायका भांडतात. दोन्ही वापरून बघा, किंमत फार नसते. मुठीला रबर असलेली सुई मात्र घट्ट धरणाऱ्यांनी घ्यावीच. बारीक दांडा दाबून धरल्यानेच अंगठ्याचं मूळ दुखतं.

दोन टोकांच्या सुया, म्हणजे एकीकडे तीन आणि दुसरीकडे चार असं असतं त्या, सुरुवातीला टाळा. विणता विणता फोन येतो, काम ठेवतो, उचलताना उलटं टोक हातात येतं. अर्धा रुमाल तीनचा, अर्धा चारचा. झालं आहे माझ्याकडून.

आणि मुंबई-कोकणातल्या हवेचं काय करायचं? जूनपासून तळहाताला घाम, अ‍ॅक्रिलिक लोकर, ॲल्युमिनियमची सुई. सुई चीं चीं आवाज करत जाते आणि प्रत्येक फासाला चिकटते. हात धुऊन कोरडे करा, चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, पंख्याखाली बसा. तेवढ्याने भागतं.

लोकरीकडेही बघा

काळी लोकर नवशिक्याने घेऊ नये. नेव्ही ब्ल्यूसुद्धा नको. टाक्याचं भोक दिसलं पाहिजे, म्हणजे सुई नेमकी कुठे घालायची ते कळतं. नाही दिसलं की आपण पदरांच्या मध्येच सुई खुपसतो, लोकर फाटते, टाका आणखी घट्ट वाटतो. फिकट पिवळी, मोरपंखी, गुलाबी अशी एकरंगी लोकर घ्या, पिळाला घट्ट आणि पृष्ठभागाला गुळगुळीत.

आपण लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. ती ताणते, चुका पोटात घालते, स्वस्त आहे, शिकायला उत्तम. फक्त तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, ती वितळते. सुती दोरा ताणत नाही. त्यात हाताची प्रत्येक ओढ टाक्यात कायमची राहते. रुखवताच्या महिरपी, ताटावरचे रुमाल, दाराची तोरणं ज्या चकाकत्या सुती दोऱ्यात होतात, तो मर्सराइज्ड दोरा. त्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो: १० जाड, २० त्याहून बारीक, ४० आणखी बारीक. १० च्या दोऱ्याला साधारण दीड ते पावणेदोनची पोलादी सुई लागते. आजीचा रुमाल बघून कोणाला तेच करावंसं वाटतं ते मी समजू शकते, पण पहिल्या महिन्यात तो दोरा आणि ती सुई हातात घेतलीत तर चौथी ओळ लांबच, दुसरीलाच डोळ्यांत पाणी येईल. आधी लोकरीवर हात बसवा.

काही लोकरींचा पीळ विणता विणता सुटत जातो आणि पदर भुसभुशीत होतात. अशा वेळी चालू फासात सेफ्टी पिन अडकवून सुई काढा, काम हवेत लोंबकळत सोडा. ते गिरक्या घेऊन आपोआप पीळ जागेवर आणतं.

आता हात

जोडी बरोबर, सुई गुळगुळीत, लोकर दिसतेय, आणि तरी घट्ट? मग एक ओळ अगदी सावकाश विणा आणि सुईच्या टोकाऐवजी फासाकडे बघा. टाका पूर्ण झाल्यावर सुईवर राहिलेला फास कुठे आहे? दांड्यावर असला पाहिजे. घट्ट हाताच्या बायकांचा फास आकड्याजवळ, निमुळत्या गळ्यावर अडकलेला असतो. गळा दांड्यापेक्षा बारीक, म्हणजे हातात ५ ची सुई असली तरी टाके पडतायत साडेतीन-चारचे. उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. प्रत्येक वेळी फास ओढून काढला की सुई अर्धा सेंटिमीटर पुढे ढकला, फास दांड्यावर येऊ द्या, मगच पुढचा दोरा घ्या. तीस-चाळीस टाक्यांनंतर हाताला लय सापडते.

दुसरी खोड म्हणजे टाका झाला की डाव्या हाताने दोरा जरासा ओढून घ्यायची. शिवणकामाची सवय असलेल्यांना ही हमखास असते, कारण तिथे टाका ओढूनच बसवतात. इथे ओढायचं काहीच नाही. दोरा करंगळीला दोन वेढे घेत असाल तर एक घ्या. एक घेत असाल तर नुसता बोटांमधून जाऊ द्या. गुंड्यातून हातभर लोकर आधीच मोकळी काढून मांडीवर ठेवा, म्हणजे गुंडा मागे खेचणार नाही.

पहिली साखळीच घट्ट असेल तर खालची कड आक्रसून पट्टा पंख्यासारखा उघडतो. साखळीपुरती एक-अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई वापरा, पहिल्या ओळीला मूळ सुई घ्या. हे मी स्वतः आजही करते.

गोल विणताना वाटी होत असेल तर

टी-कोस्टर करायला घेतला आणि पणती झाली, ही त्याच दुखण्याची धाकटी बहीण. मुक्या खांबाचा सपाट गोल ६ टाक्यांनी सुरू होतो आणि प्रत्येक फेरीत ६ टाके वाढतात: ६, १२, १८, २४. पूर्ण खांबाचा गोल १२ ने सुरू होतो आणि १२ ने वाढतो. आता यात इंग्लिश-अमेरिकन भानगड बघा. अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब. इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. इंग्लिश नमुना घेऊन "डबल" वाचलं, पूर्ण खांब घातले आणि वाढवले मात्र सहा-सहा टाके, तर वाटीच होणार, तीही खोलगट. नमुन्यात "सिंगल क्रोशे" शब्द कुठेही दिसला तर तो अमेरिकन समजा. इंग्लिश पद्धतीत त्या नावाचा टाका सहसा वापरत नाहीत.

संख्या बरोबर असूनही कडा वर उचलत असतील तर सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड करा. कडांना झालर येत असेल तर उलट.

पिशवीत काय असावं

पाच मिलिमीटरची एक सुई, चारची एक. दोन गुंडे फिकट, मध्यम जाडीच्या लोकरीचे. धागे आत ओवायला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. शिवणाची अणकुचीदार सुई पदर फाडते. छोटी कात्री, मापाची टेप, सहा-सात सेफ्टी पिना. पंधरा सुयांचा रंगीत संच ऑनलाइन स्वस्तात दिसतो, घेऊ नका. त्यातल्या बारा डब्यातच राहतात.

लोकर घेताना मात्र कंजुषी नको. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे आणि एक जास्तीचा घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन लाल घरी उन्हात वेगळे निघतात. पट्टी फेकू नका, तिच्यावर सुईचं मापही बहुतेक वेळा छापलेलं असतं, तेही मिलिमीटरमध्ये. त्या मुलीने पट्टी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती.

तिचा काळा पट्टा आम्ही दोघींनी मिळून उसवला. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात. म्हणून ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी केली, चार ठिकाणी सैलसर दोरा बांधला, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली, न पिळता दाबूनच पाणी काढलं आणि खाली एक हँगर अडकवून गॅलरीत वाळत टाकली. पावसाळी हवेत दोन दिवस लागले. अ‍ॅक्रिलिक पूर्ण सरळ होत नाही, पण विणण्याजोगी होते. काळी लोकर तिला अजून वर्षभर हातात घेऊ देणार नाही. तोवर पाचाची सुई आणि पिवळा गुंडा.